आत्याबाईंचं लुगडं आणि बुटकं कुत्रं

आमच्या घरी कुत्रं आलं ते रेल्वेने, त्याचं वेगळं तिकीट काढून. त्या काळी कुरुंद्यात कोणी रेल्वेत बसून आलं तर त्याची गोष्ट ओट्याओट्यावर चालायची, मग कुत्र्याच्या तिकिटाची किती चालली असेल ते समजून घ्या. माझे धाकटे दीर हिंगोलीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. लढाई सुरू झाली तसा तिथला गोरा इंजिनियर साहेब आपल्या देशी निघाला. सरकीच्या गोदामात उंदीर मातले म्हणून त्याने एक लहानसं कुत्रं पाळलं होतं. ते बोटीवर नेता येईना, आणि माझ्या दिरांचा जीव त्याच्यात अडकलेला. दिवाळी झाल्यावर दीर वसमतच्या स्टेशनावर उतरले, तिथून बैलगाडी करून गावात आले, आणि गाडीतून पहिली उडी मारली ती त्या कुत्र्याने.

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी पदर सावरून दाराआडून बघत होते. पांढरं, राठ केसांचं, एका डोळ्यावर तांबूस ठिगळ, पाय आखूड, आणि शेपटाच्या जागी बोटभर दांडकं. ते दांडकं सारखं थरथरत होतं. कुत्र्याने अंगणात एक चक्कर मारली, गोठ्याच्या भिंतीला नाक लावलं, तुळशीपाशी ते शिंकलं आणि मग आमच्या थोरल्या बैलासमोर जाऊन त्याच्यावर भुंकलं. बैलाने मान खाली घालून त्याच्याकडे पाहिलं. कुत्रं एक पाऊलसुद्धा मागे सरलं नाही. शेवटी बैलानेच तोंड फिरवलं, आणि मला दाराआड इतका आनंद झाला की हातातली परात खाली पडली.

परातीच्या आवाजाने सासूबाई बाहेर आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"हिंगोलीहून आणलं ते एवढंच? अन् ह्याचं शेपूट कुठं ठेवून आलास?"

"माय, ह्याच्या जातीत लहानपणीच कापतात," दीर म्हणाले. "बिळात अडकलं तर तेवढ्या दांडक्याला धरून वढता यावं म्हणून."

"ज्याला वढूनच काढावं लागतंय ते बिळात जातंय काहून?" आत्याबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हा मला हसू आलं. पुढे हा प्रश्न सगळ्या घराला पडणार होता.

आत्याबाई माळकरी होत्या. शेतकऱ्याच्या घरात कोण इतकं सोवळं पाळतं, पण त्या पाळायच्या. पूजेचं हिरवं लुगडं पहाटे स्वतः धुवायच्या, परसातल्या उंच दांडीवर काठीने वाळत घालायच्या आणि काठीनेच उतरवायच्या. त्याला मी हात लावलेला चालत नसे, तिथे कुत्र्याची काय कथा. पण लेक लांबून आलेला, आणि मामंजींना आधीच घुशींनी हैराण केलेलं. गोठ्यामागच्या पेवाभोवती मातीचे ढीग निघत होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेला ज्वारीचा खड्डा, वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं. निम्मी ज्वारी आधीच काढून ते पुन्हा बंद केलं होतं. राहिलेलं निम्मं आमच्या पोटात जाणार की घुशींच्या, ही मामंजींची काळजी.

"ऱ्हाऊ दे पेव उघडस्तवर," मामंजी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," आत्याबाईंनी ठरवून टाकलं. "पर वैशाखात पेव उघडलं की त्याच दिवशी धनगराच्या वाड्यावर जाईल. माझ्या घरात जीव मारणारं जनावर मी जन्मभर ठेवणार न्हाई."

धनगरमामा गावाबाहेर मेंढरं घेऊन असायचे, आमच्या रानात त्यांची मेंढरं बसायची. त्यांच्या वाड्यावर वासराएवढाले कुत्रे होते, लांडग्याशी भिडणारे. हे बुटकं तिथे गेलं तर पहिल्याच दिवशी त्यांच्यावर धावून जाणार आणि दुसरा दिवस बघणार नाही, हे त्याला बैलासमोर उभं पाहिलेल्या कोणालाही सांगता आलं असतं. मी मात्र त्याच क्षणी मनात ठरवलं की हे कुत्रं कुठेही जाणार नाही. कसं ते मला ठाऊक नव्हतं. नव्या सुनेच्या ठरवण्याला त्या घरात विचारणार कोण होतं, तेही ठाऊक नव्हतं.

दीर परत जाण्याआधी मला सगळं समजावून सांगून गेले. साहेबाने त्यांना शिकवलं होतं आणि ते मला साहेबाच्याच ऐटीत शिकवत होते.

"वैनी, ह्याला बारकं समजू नका. ह्याला वाटतंय की आपण बैलाएवढं आहोत. दुसरं, ह्याला रोज काम लागतंय. तुमी काम न्हाई दिलं तर हे आपलं आपण शोधतंय, अन् ते तुमाला पसंत पडंल असं न्हाई. मारायचं न्हाई. मारलं तर भीत न्हाई, नुसतं रुसतंय. अन् केस. केसाला कातर लावायची न्हाई. मेलेले केस चिमटीत धरून उपटायचे. त्याला काही तकलीफ होत न्हाई. हे बराबर ध्यानात ठेवा."

मी मान डोलावली. त्या घरात आल्यापासून एखादी गोष्ट सर्वस्वी माझ्या हवाली झाली ती हीच. तांदूळ आत्याबाईंचे, चूल आत्याबाईंची, नवराही बराचसा त्यांचाच. बुटकं माझं. नाव वगैरे कोणी ठेवलंच नाही, सगळे बुटकंच म्हणायचे.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. काय सांगू, सकाळी डोळा उघडला की आधी आनंद व्हायचा, कारण नंतर कळायचं, की आज बुटकं काय करणार. ताकात भाकरी कुस्करून दिली की ती भांड्यासकट अंगणभर ढकलत खायचं. खाऊन झालं की माझ्यासमोर येऊन उभं राहायचं, कान अर्धे उभे, अंग ताठ, डोळे माझ्या डोळ्यांत. चला, काम काढा. मी झाडत असले तर खराट्याशी भांडायचं. शेण भरत असले तर पाटीच्या पुढे धावायचं. काहीच हाती लागलं नाही तर आत्याबाईंच्या केळीखाली खणायला लागायचं, आणि असं खणायचं की मागे बसलेल्याचं तोंड मातीने भरावं. दिरांनी सांगितलेलं पसंत न पडणारं काम ते हेच.

उंदीर मारायची त्याची रीत मी पहिल्यांदा पाहिली ती हळदीच्या दिवसांत. हळद उकडून खळ्यावर वाळत पडली होती आणि रासेखाली उंदरांनी घर केलं होतं. माणसं पाटीने रास उपसत होती आणि बुटकं बाजूला थरथरत उभं होतं. भुंकलं नाही, हललं नाही. उंदीर निघाला तसा पांढरा झोत गेल्याचं तेवढं दिसलं. एक झटका, आणि उंदीर टाकून ते पुन्हा जागेवर उभं, पुढच्या कामाला तयार. मेलेल्या उंदराकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही. आमची मांजर एका उंदराशी अर्धा दिवस खेळायची, त्या मानाने हा कारभार अगदी चोख. संध्याकाळी ते घरी आलं तेव्हा नखशिखांत पिवळं झालं होतं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नवरदेव आला. माझी छाती अशी फुगली, जणू मीच त्याला जन्म दिला होता.

त्याच्या अंगाची निगा मी मनापासून केली. दुपारी आत्याबाई पडल्या की मी त्याला मांडीवर घेऊन कानामागच्या, बोटांच्या बेचक्यातल्या गोचिड्या काढायची. उंदराने नाक फाडलं तर तेलात हळद कालवून लावायची. मेलेले केस चिमटीने उपटत बसायची. इतर वेळी क्षणभर न बसणारं ते जनावर त्या वेळी डोळे मिटून घ्यायचं, आणि मला फार समाधान वाटायचं.

पण खरं सांगायचं तर त्याचं सगळ्यात आवडतं माणूस मी नव्हते. त्याचं आवडतं माणूस आत्याबाई होत्या.

झालं असं की पहिल्याच आठवड्यात आत्याबाई विहिरीवरून घागर घेऊन येत असताना बुटक्याने त्यांच्या लुगड्याचा काठ धरला. दुसरं कोणी असतं तर थांबलं असतं, किंवा कोणाला तरी हाक मारली असती. आत्याबाईंनी घागर खाली ठेवली, दोन्ही हातांनी लुगडं धरलं आणि ओढायला लागल्या. "सोड मेल्या, सोड माझं लुगडं." त्या ओढत होत्या आणि बुटकं चारी पाय रोवून मागे सरत होतं. दांडकं असं हलत होतं की सगळं मागचं अंगच हलत होतं. गुरगुरत होतं, पण ते रागाचं गुरगुरणं नव्हतं. त्याला आयुष्यात इतका चांगला खेळगडी भेटला नव्हता.

मी त्याच्यासाठी जुन्या चिंधीची गाठ करून खेळून बघितलं. दोनदा ओढायचं आणि सोडून द्यायचं, कारण मी दमून हसायला लागायची. नवऱ्याने खेळून बघितलं, तो हळू ओढायचा, दात दुखतील म्हणून. आत्याबाई मात्र जीव खाऊन ओढायच्या आणि ओरडायच्या, आणि त्यांना हार मानायची सवयच नव्हती. मी एकदा हळूच म्हणाले, "आत्याबाई, तुमी वढलं न्हाई तर ते आपलं आपण सोडून देतंय."

"मी काहून सोडू? लुगडं माझं आहे."

बुटक्याचंही म्हणणं हेच असावं. मग रोजचंच झालं. आत्याबाई निघाल्या की बुटकं कुठूनतरी प्रकट व्हायचं, काठ धरायचं, आणि अंगणात "सोड मेल्या, सोड" सुरू व्हायचं. शेवटी मामंजी येऊन त्याचा जबडा उघडायचे आणि दोघांना वेगळं करायचे. आत्याबाईंच्या रोजच्या लुगड्यांचे काठ झालरीसारखे झाले. पूजेचं हिरवं लुगडं तेवढं दांडीवर उंच असल्याने वाचलं. त्याच्याखाली बसून बुटकं मान वर करून बघत राहायचं, आणि आत्याबाई मला सुनावायच्या, "वैशाख येऊ दे."

होळी झाली, ऊन तापलं, आणि मग आमच्या हातून ते घडलं जे फक्त आमच्यासारख्या माणसांच्याच हातून घडू शकतं. धनगरमामा मेंढरं कातरायला बसले होते. मामंजींनी बघितलं की बुटकं जीभ काढून सावलीला पडलंय. त्यांना दया आली. त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता. लोकर अंगावर, ऊन वर, लोकर काढा. मी विहिरीवर होते. परत येऊन बघते तो धनगरमामांच्या दोन पायांमध्ये बुटकं, आणि बाजूला पांढऱ्या केसांचा ढीग.

"चांगली लोकर आहे," धनगरमामा कातर चालवत म्हणाले. "राठ आहे, पर घोंगडीला चालंल."

मला रडूच कोसळलं. मामंजींसमोर मी बोलत नसे, त्यामुळे रडत उभी राहिले, आणि त्यांना वाटलं सूनबाईंना काही लागलं. केस निघाल्यावर खाली गुलाबी कातडी निघाली, लेकराच्या अंगासारखी. दोन दिवसांत ती उन्हाने भाजून लाल झाली, पाठीवर फोड आले. बुटकं ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसलं आणि कोणाकडे बघेना. त्याला लाज वाटत होती असं मी म्हणते, लोक हसतात, पण मी त्याचं तोंड पाहिलं आहे. नंतर जे केस आले ते मऊ, कापसासारखे आले, आणि रानातलं एकूण एक कुसळ आणि गोखरू त्यांच्यात अडकून घरी यायला लागलं. दिरांनी सांगितलेलं कातरीचं बोलणं तेव्हा मला शब्दाशब्दाने पटलं.

भाजलेल्या पाठीला मी लोणी लावायची. मी लावायची आणि बुटकं मान वळवून चाटून टाकायचं. आत्याबाई म्हणाल्या, "देवाचं लोणी कुत्र्याच्या पाठीला." एवढं म्हणाल्या, पण शिंक्यावर टांगायचं लोण्याचं भांडं त्या दिवसांत रोज खालीच राहायला लागलं, माझ्या हाताशी. मी त्यांच्याकडे बघितलं की त्या दुसरीकडे बघायच्या. मला तेव्हा तो विसरभोळेपणा वाटला. आत्याबाई आयुष्यात काही विसरल्या नव्हत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वैशाख आला. पेव उघडायचा दिवस ठरला तसं माझं मन था‍ऱ्यावर राहीना. बुटक्याची पाठ बरी झाली होती, ते पुन्हा अंगणभर उधळत होतं, आणि मी त्याच्याकडे बघून डोळे पुसत होते. नवऱ्याला म्हटलं, आत्याबाईंना सांगा. तो म्हणाला, तू सांग. आम्ही दोघंही तेवढेच शूर. पेव उघडायच्या सकाळी धनगरमामा दोरी घेऊन हजर झाले आणि ओट्यावर तंबाखू मळत बसले. दोरी बुटक्यासाठी होती.

पेवाच्या तोंडावरची माती काढली, शिळा सरकवली. उबट, आंबूस वास वर आला. आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं की उघडलेल्या पेवात लगेच उतरायचं नाही. बंद पेवात कोंडलेली हवा माणसाला बघता बघता लोळवते. उतरलेला पडतो, त्याला काढायला उतरलेलाही पडतो. म्हणून आधी दिवा सोडायचा. दिवा जळत राहिला तरच माणसाने खाली पाय टाकायचा. मामंजींनी दोरीला कंदील बांधून सोडला. खाली जाता जाता ज्योत बारीक झाली आणि विझली.

"आज न्हाई," मामंजी म्हणाले. "उद्यापतुर उघडं ऱ्हाऊ द्या."

मला एवढंच ऐकू आलं की आज नाही. म्हणजे आजचा दिवस बुटकं माझं. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होते, बुटकं माझ्या कडेवर. खालून चिरचिर आवाज आला. घुशींनी गोठ्याच्या बाजूने बीळ पाडून पेवाच्या पोटात शिरकाव केला होता आणि त्या आत होत्या. तो आवाज मी ऐकला त्याच्या आधी बुटक्याने ऐकला. त्याचं अंग माझ्या हातात ताठ झालं. मी आवळून धरलं, आणि पुढच्या क्षणी माझ्या हातात काहीच नव्हतं.

पेवाच्या तोंडाशी पांढरं काहीतरी दिसलं आणि ते नाहीसं झालं. खालून ज्वारीवर पडल्याचा धप्प आवाज आला.

मी सगळं विसरले. पदर, मामंजी, धनगरमामा, सगळं. मी पेवाच्या तोंडाशी पालथी पडून ओरडले, "बुटक्या, वर ये." आत डोळे सरावल्यावर दिसलं. एका बाजूला ज्वारी उंच साचलेली, आणि त्या उतारावर बुटकं उभं. एक घूस त्याने तेवढ्यातच लोळवली होती. दुसरी बिळात शिरत होती आणि बुटकं त्या बिळाच्या तोंडाशी दोन्ही पायांनी ज्वारी उडवत होतं. बिळामुळे तिथे थोडीफार हवा असावी, नाहीतर ते तेवढंही उभं राहिलं नसतं. पण जितकं खणत होतं तितका उतार घसरत होता, आणि त्याच्याबरोबर तेही खाली, जिथे कंदील विझला होता तिकडे घसरत होतं.

नवरा धोतर खोचून पुढे झाला. मामंजींनी त्याचा दंड धरला. "एक पाय खाली टाकशील तर बघ." नवऱ्याने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण मामंजींनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ते बरोबर होते. मला ते कळत होतं आणि तरी मला त्यांचा राग येत होता.

धनगरमामांनी दोरीला घोंगडी बांधून आत सोडली आणि वरखाली हलवायला सुरुवात केली, हवा ढवळली जावी म्हणून. मी माझी चिंधीची गाठ कंदिलाच्या दोरीला बांधून बुटक्याच्या नाकासमोर नाचवली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा बिळाकडे वळलं. घुशीपुढे माझी चिंधी काय चीज. दिरांनी सांगितलं होतं, ही जात कामाला लागली की मालकालाही ओळखत नाही. त्याचे मागचे पाय लटपटले. ते बसलं, पुन्हा उठलं, पुन्हा खणायला लागलं, पण हळूहळू. दम गेलेला आणि जिद्द तशीच. मला वाटलं आता आपण बघतोय ते शेवटचं.

"सरक."

आत्याबाई होत्या. त्यांच्या हातात हिरवं लुगडं होतं, पूजेचं. काठीने नव्हे, नुसत्या हाताने ओढून आणलेलं, निम्मं जमिनीवरून फरफटत. त्यांनी मला खांद्याने बाजूला केलं, पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकले आणि नऊवारीचं एक टोक खाली सोडलं. ते पुरलं. काठ बुटक्याच्या पाठीवर पडला तशी आत्याबाईंनी त्याला एक हिसका दिला आणि त्यांच्या रोजच्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा, सुरुवात केली.

"सोड मेल्या. सोड माझं लुगडं."

बुटक्याने अजून धरलंही नव्हतं. पण ते वळलं. त्या आवाजाला ते वळलंच. आत्याबाईंनी आणखी एक हिसका दिला, काठ त्याच्या नाकावरून सरकला, आणि ते दांडकं, जे इतका वेळ पडून होतं, हललं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. त्याने जबडा उघडला आणि काठ धरला.

"सोड, मुडद्या, सोड," आत्याबाई ओरडत होत्या आणि ओढत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सोड म्हणते ना." मी त्यांच्यामागून लुगडं धरलं, माझ्यामागून नवऱ्याने, मग मामंजींनीही. बुटकं ज्वारीवरून उचललं गेलं, अधांतरी झालं, पेवाच्या भिंतीला आपटलं. मला धसका बसला की आता ते सुटणार. पण आख्ख्या हिवाळ्यात आत्याबाईंनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की त्या सोड म्हणाल्या म्हणजे घट्ट धरायचं. त्या जितक्या ओरडत होत्या तितके त्याचे दात आवळत होते.

ते वर आलं. कापसासारखे केस विस्कटलेले, अंगभर ज्वारीची धूळ, डोळे फिरलेले. जमिनीवर पडलं आणि पोट जोरजोरात हलायला लागलं. मी त्याच्या तोंडावर पाणी शिंपडलं, पाठ चोळली. बराच वेळ ते तसंच पडून होतं. मग त्याला शिंक आली, आणखी एक आली, आणि त्याने डोळा उघडून आधी कोणाकडे पाहिलं असेल तर आत्याबाईंकडे. लुगड्याचा काठ अजून त्याच्या दातांत होता. पडल्या पडल्या त्याने तो थोडा स्वतःकडे ओढला आणि ते बारीक आवाजात गुरगुरलं.

आत्याबाई मातीतच बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर घसरलेला. मामंजींसमोर मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता लुगडं आपल्या बाजूला ओढायला लागल्या. पण आज हळू ओढत होत्या, त्याला जिंकता यावं इतकं हळू.

धनगरमामा उठले. त्यांनी घोंगडी झटकली, दोरी सोडवून हातात घेतली आणि ते अवघडून उभे राहिले. ठरलेलं होतं, म्हणून त्यांना विचारणं भाग होतं. "मग, ह्याला नेऊ का आज?"

आत्याबाईंनी हातातलं हिरवं लुगडं सोडून दिलं. बुटक्याने ते लगेच आपल्या पोटाखाली ओढून घेतलं आणि त्यावर हनुवटी ठेवली.

"हे आता देवाला चालत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ह्याच्या अंथरुणाला होईल." मग त्या धनगरमामांकडे वळल्या. "तुमची दोरी तुमी न्या. ह्याच्याजवळ माझं लुगडं आहे."

धनगरमामांनी दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि ते मेंढरांकडे निघून गेले.